छोट्या हत्तीत बसेल असा चिपर घेताना

माझं काम झाडांवरचं. माड साफ करणं, आंब्याची छाटणी, विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या उतरवणं, घरावर कललेला फणस तुकड्यातुकड्याने खाली घेणं. दापोली तालुक्यात हर्णै, मुरुड, कर्दे, आंजर्ले या पट्ट्यात मी फिरतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ येऊन गेलं आणि माड-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. तोडायला माणसं मिळत होती, तोडलेलं टाकायला जागा मिळत नव्हती. तेव्हापासून फांद्या बारीक करणारं मशीन, म्हणजे चिपर, माझ्या डोक्यात बसलं. पहिलं घेतलं ते चुकलं, दुसरं बरोबर निघालं. आता कुणी विचारायला आलं की हेच सगळं सांगतो.

पहिलं मशीन चारशे किलोंच्या पुढचं होतं. पाच इंची फांदी खातं म्हणाले, आणि खायचंही. पण पहिल्याच मोठ्या कामाला गाडी वाडीच्या तोंडाशी थांबली आणि पुढे पाखाडी. चिऱ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं), आणि बाग वर साठ-सत्तर फुटांवर. पाच माणसं लागूनही मशीन तिसऱ्या पायरीच्या वर गेलं नाही. शेवटी सगळ्या फांद्या माणसांनी खाली ओढून आणल्या, म्हणजे मशीन नसतं तरी तेवढीच मेहनत झाली असती. परत येताना आसूदच्या चढाला स्टेअरिंग हलकं लागायला लागलं. मशीन फाळक्याजवळ, मागच्या चाकांच्याही मागे बांधलेलं होतं, त्यामुळे पुढची चाकं रस्ता धरत नव्हती. त्या वळणावर पोटात जो गोळा आला तो मी विसरलेलो नाही.

म्हणून दुकानात जायच्या आधी वजनकाट्यावर जा. गाडीत रोजचं सगळं सामान टाका, माणसं बसवा आणि वजन करा. छोट्या हत्तीची (टाटा एसची) भार नेण्याची ताकद साधारण सातशे ते साडेसातशे किलो, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. तुमचा आकडा आरसी बुकावरून काढा. माझा हिशोब असा: आम्ही दोघं 130 किलो. दोन चेनसॉ, लांब दांड्याची करवत, दोर, शिडी, पेट्रोलचा कॅन, ताडपत्री मिळून 70. चढवायच्या फळ्या आणि हातविंच 40. मशीन 190. झाले 430. उरतात तीनशेच्या आसपास. ओला चुरा घनमीटरला अंदाजे तीनशे किलो भरतो, म्हणजे युरियाच्या रिकाम्या गोण्या भरल्या तर पंधराएक गोण्या. मशीन शंभर किलोंनी जड घेतलंत तर त्यातल्या पाच गोण्या गेल्याच म्हणून समजा. माझ्या मते छोट्या हत्तीला दोनशे किलोंच्या वरचं मशीन घेऊ नये. बोलेरो पिकअप असेल तर गोष्ट वेगळी.

वजनानंतर रुंदी. गडग्यातलं बेडं, म्हणजे बागेत शिरायची वाट, टेपने मोजा, आणि सगळ्यात अरुंद गिऱ्हाइकाचं मोजा. माझ्याकडे ते तीस इंच निघालं, म्हणून मशीन अठ्ठावीसच्या आतलं घेतलं. चाकं रुंद आणि हवेची हवीत. पोफळीच्या बागेत पाटाच्या कडेला ओली माती असते, अरुंद लोखंडी चाक तिथे रुततं ते रुततंच.

आता ताकद. पत्रकात लिहिलेले इंच म्हणजे त्या तोंडातून एखाद वेळी जाणारी सगळ्यात जाड, ओली, मऊ फांदी. दिवसभर टाकायची फांदी त्याहून बारीकच धरायची. माझं तेरा एचपीचं पेट्रोल इंजिन आहे, कागदावर चार इंच. मी त्यात अडीच-तीन इंचांच्या वर टाकत नाही. त्याहून जाड असेल ते सरपण, आणि सरपणाला आमच्याकडे घरोघरी मागणी आहे, ते दळायचं कशाला? पूर्ण जोरावर तासाला साडेतीन लिटरपर्यंत पेट्रोल जातं. डिझेल स्वस्तात चालतं हे खरं, पण त्याच ताकदीचं डिझेल इंजिन जड येतं आणि थरथरतंही जास्त. पाखाडी चढायची असेल तर पेट्रोल.

फांदी आपोआप ओढणारे हायड्रॉलिक रोलर असलेली मशीनं छान असतात. पण रोलर, पंप आणि टाकीचं वजन आपल्या हिशोबात बसत नाही. रोलर नसलेल्या मशीनमध्ये पाती स्वतःच फांदी आत खेचतात, फक्त बेचकी कोयत्याने आधी तोडून द्याव्या लागतात. आंब्याला वेळ जातो, कारण आंबा म्हणजे सगळी बेचकीच.

खरी परीक्षा माडाची. विकणारे तुम्हाला सरळ, ओली, गुळगुळीत फांदी टाकून दाखवतील. ती कुठलंही मशीन खातं. तुम्ही जाताना गाडीत चार गोष्टी घेऊन जा: ओल्या झावळ्या, सुकलेल्या झावळ्या (दोन्ही मिळून वीस), आंब्याची वाकडी फांदी आणि सुरूचा वाळलेला फाटा. झावळ देठाकडून आत द्या आणि झावळीच्या शेवटच्या हातभर पानांकडे नीट बघा. देठ खटाखट तुटतो, पण पानांतले हीर (ज्यांचा आपण खराटा करतो तेच) न तुटता लांबच्या लांब आत जातात आणि शाफ्टला गुंडाळतात. माझ्या पहिल्या मशीनमध्ये दहा-बारा झावळ्यांनंतर झाकण उघडलं की बेअरिंगच्या बाजूला हिरांचा काथ्यासारखा पीळ बसलेला असायचा. तो सुरीने कापून काढायला अर्धा तास. मग बेअरिंग तापायचं आणि ग्रीस बाहेर यायचं. तेव्हा वीसच्या वीस झावळ्या टाकून झाल्यावर इंजिन बंद करायला लावा, झाकण उघडायला सांगा आणि शाफ्ट बघा. बोल्ट किती काढावे लागतात तेही मोजा. माझ्या आताच्या मशीनला दोनच आहेत, आणि पात्यांच्या चकतीमागे शाफ्टवर पत्र्याची नळी आहे, तिथे हीर पोचतच नाही.

पात्यांचे दोन जोड घ्या, दोन्ही बाजूंनी धार असलेले. आमची माती जांभ्याची. फांदी जमिनीवरून ओढत आणली की सालीत चिऱ्याची कच बसते आणि धार एका दुपारी जाते. आम्ही फांद्या ताडपत्रीवर रचतो. चुऱ्याचे स्वच्छ तुकडे पडत असतील तर धार ठीक आहे. भुसा आणि दोऱ्या यायला लागल्या की पातं बोथट झालं किंवा समोरच्या स्थिर पात्याशी अंतर वाढलं. माझ्या मशीनला ते अंतर दीड मिलिमीटर ठेवायला सांगितलंय. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गाडीच्या कप्प्यातच ठेवतो.

पट्टा आणि बेअरिंग चिपळूणच्या बाजारात मिळणारं आहे का, हे नंबर लिहून घेऊन घेण्याआधीच विचारून या. खाऱ्या हवेत नट-बोल्ट गंजतात, म्हणून संध्याकाळी मशीन गोड्या पाण्याने पुसून पात्यांना तेलाचा हात द्यायचा.

आता जे मी माझ्या पोरांना रोज सांगतो ते. इंजिन बंद केल्यावरही चकती बराच वेळ फिरत राहते. ती थांबलेली डोळ्यांनी दिसल्याशिवाय झाकणाला हात नाही, आणि झाकण उघडताना चावी ज्याचा हात आत जाणार त्याच्या खिशात, चावी नसेल तर प्लगची वायर काढलेली. गळ्यात पंचा नको, कमरेला दोर नको. तोंड आखूड असेल आणि उभ्या माणसाचा हात पात्यापर्यंत पोचत असेल तर ते मशीन घेऊच नका, कितीही स्वस्त मिळो. हात आत घालून बघा, अर्थात बंद मशीनमध्ये. खांदा टेकला तरी पातं बोटाला लागता कामा नये. अडकलेलं ढकलायला काठीच वापरायची.

चुरा शक्यतो बागेतच ठेवतो. आंब्याच्या आळ्यात चार बोटं जाड पसरायचा, खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी खोडाला लागते. ताजा चुरा मातीत मिसळायचा नाही, वरच राहू द्यायचा. मिसळला तर तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो. पण चालू करायच्या आधी मालकाला विचारा. आंजर्ल्यात एका आजींच्या बागेत मी पाला-फाटी मशीनमध्ये टाकायला घेतली तशा त्या धावत आल्या. "अरे बाबा, माझी कवळ आहे ती! भाजावळीला काय घालू मी, तुझा भुसा?" त्यांचं बरोबर होतं. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन भाजायला त्यांना तोच पाला हवा होता. आम्ही ती कवळ, म्हणजे पाला-फाटी, बांधून गडग्याला लावून दिली आणि फक्त झावळ्यांचे देठ तेवढे मशीनमध्ये घातले.