जुना कॉम्प्युटर चालू होईना, तर उघडण्याआधी

टेबलावर सुती कापड अंथरून सामान आधी मांडून घ्या, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा उघडा टाकून साताऱ्यात राजवाड्याच्या बाजारापर्यंत धावावं लागत नाही. २ नंबरचा स्टार स्क्रू ड्रायव्हर, पांढरा खोडरबर, मऊ ब्रश, व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर, मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) बसणारा सीआर २०३२ हा चपटा सेल, हार्डडिस्क जोडायची चालती साटा केबल आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर आधीच बूटेबल करा, म्हणजे त्यावरून लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम थेट चालू होईल असा बनवा, आणि करताना विभागणीचा प्रकार एमबीआर निवडा. जीपीटी हा दुसरा प्रकार ठेवलात तर जुना बायॉस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) त्याला ओळखतच नाही आणि दोष उगाच हार्डडिस्कवर येतो.

वायर काढून पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, आतल्या जोडण्यांचा मोबाइलवर फोटो घ्या. समोरच्या बटणाच्या बारीक पिना परत लावताना भलेभले चुकतात.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डवर उभ्या बसणाऱ्या मेमरीच्या पट्ट्यांवर. पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळाभर हवा ओली असते, रॅमच्या कडेच्या सोनेरी टोकांवर थर बसतो. खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा ब्रशने झाडा, रॅमची एकेक पट्टी आलटून पालटून लावून बघा. पट्टी दाबल्यावर खाचेच्या टोकांची दोन्ही कुलपं आपोआप बसली पाहिजेत. निम्म्या वेळा काम इथंच होतं.

पंखाच फिरत नसेल तर आधी भिंतीतला सॉकेट आणि एक्स्टेंशन बोर्ड. मग वायर परत जोडून एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) मोजा: काळ्या तारेच्या जोडीने जांभळ्या तारेवर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट हवेत, चालू झाल्यावर पिवळीवर ११.४ ते १२.६. एसएमपीएसचा डबा मात्र खोलू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांमध्ये) करंट राहतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर पुढची खटपट थांबवा, बोर्डच दुरुस्तीला जाणार.

तारीख दर वेळी मागे जाते, एफ१ दाबा म्हणतो, तेव्हा सेल बदला. बदलल्यावर बायॉसमध्ये बूट ऑर्डर (आधी कशावरून सुरू व्हायचं तो क्रम) आणि साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) तपासा. मोड बदलला गेला की विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकते. डिस्क टकटक करत असेल तर दुरुस्ती राहू द्या, आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून फायली बाहेर काढा.

२०१९ किंवा २०२१ च्या कृष्णेच्या पुरात सांगलीत बुडालेलं मशीन असेल, तर यातलं काहीच नको. वरून वाळलेलं दिसलं तरी गाळ आत असतो. प्लग लावू नका, डिस्कही फिरवून बघू नका.