लेकीचे जंत आणि घरभर गोळ्या

लेक रात्री झोपेत सारखी ढुंगण खाजवायची, नीट झोप नाही म्हणून दिवसभर किरकिर, आणि सासूबाईंचं ठरलेलं की गोड खाते म्हणून जंत झालेत. गोडाने नाही होत हो, जंतांची अंडी पोटात गेली की होतात! आम्ही धायरीत राहतो, जवळच्याच बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं तर त्या म्हणाल्या, हे सुतकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक जंत, त्यांची मादी रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती अंडी घालते म्हणून खाज रात्रीच येते, सकाळी उठल्या उठल्या, धुवायच्या आधी तिथे पारदर्शक चिकटपट्टी लावून, काढून ती तपासायला आणा. साध्या शी तपासणीत हे बरेचदा सापडतच नाही.

औषध अल्बेंडाझोल, तिच्या वयाला ४०० मिग्रॅ, चावून खायची गोळी. पण खरी मेख पुढे आहे, गोळीने किडे मरतात, अंडी उरतात, म्हणून २ आठवड्यांनी परत डोस आणि तोही घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी (घरात कोणी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारूनच). सासरे काही ऐकेनात, "मला कुठे खाज येतेय?" शेवटी नातीने भरवली तेव्हा घेतली.

अंडी चादरीवर २-३ आठवडे टिकतात, त्यामुळे चादरी, चड्ड्या न झटकता थेट गरम पाण्यात, नखं बारीक, आंघोळ सकाळीच. औषधापेक्षा हेच जास्त जिकिरीचं. शाळेत १० फेब्रुवारीला जंतनाशक दिनाची गोळी मोफत मिळते, ती चुकवू नका, पण घरात सुतकृमी असतील तर तेवढ्यावर भागत नाही.