बाबा, डाळ आणि दोन तासांची पाळी

बाबांना लकवा मारला त्याला चौथं वर्ष लागलं. उजवी बाजू गेली. यवतमाळकडचं आमचं कोरडवाहू गाव. शेतात कपाशी-तूर, घरात खाटेवर बाबा. तुमच्याकडे असंच कोणी असेल तर माझी रीत सांगतो.

आधी अंग. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. मी अन् बायको पाळी लावतो; एकट्यानं रात्री काढल्या की आठ दिवसांत माणूस पिसाळतो. माकडहाड, खुबे, टाचा रोज पाहा. लाल डाग बोटानं दाबून फिका पडत नसेल तर तिथं भार येऊ देऊ नका, चोळू तर मुळीच नका, गावातल्या आशाताईंना (आरोग्य कार्यकर्तीला) दाखवा. (मी खोबरेल घेऊन जोरानं चोळलं होतं. सालटं निघालं.) बसवूनच भरवा, अन् जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. लकव्यात घास चुकून श्वासनळीत जातो.

एवढं शिकलो, तरी मन लागेना. ते लागलं डाळीमुळे. एकदा घाईत डाळ निवडायचं सूप बाबांच्या मांडीवर ठेवून विसरलो. परत येतो तर डाव्या हातानं खडे वेचणं चालू! पायलीभर डाळीला त्यांना दोन दिवस लागतात. बायको रात्री तीच डाळ गुपचूप पुन्हा निवडायची. त्यांना कळलं, दिवसभर जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांनी निवडलेलीच डाळ शिजते, दाताखाली खडा आला तरी. काम द्या, पण खोटं देऊ नका. पेरणीचंही मी खरंच विचारतो. "मृगाच्या पयल्या पान्याले भुलू नको," म्हणाले. थांबलो. शेजाऱ्यांना दुबार पेरावं लागलं.

राग येतोच. एका रात्री तिसऱ्यांदा चादर ओली झाली, मी ओरडलो. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. आता राग चढला की ते पडणार नाहीत एवढं पाहतो अन् पाच मिनिटं गोठ्यात जातो, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो. झोप उडाली, मरणाचे विचार येऊ लागले तर १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

शहरातल्या भावाला नुसतं "मदत कर" म्हणू नका. "महिन्याचे डायपर तुझे, पोळ्याचे चार दिवस तुझे," असं सांगा. माझा आला. मी सासुरवाडीला जाऊन नुसता झोपलो. परतलो तर ओसरीतूनच बाबांचा आवाज: "सूप असं धरतेत का बे? डाळ सांडून रायली!"