या चुका टाळा: कॅम्पर व्हॅनचा चेंजओव्हर बिघडत नाही, न्यूट्रल चुकलेला असतो

दत्तजयंतीच्या आदल्या रात्री गरुडेश्वरहून भाच्याचा फोन आला. बडोद्याच्या मराठी घरातली गाडी टेंबे स्वामींच्या समाधीला जाणारच, आणि यंदा तर त्याची नवी कॅम्पर व्हॅन होती. "मामा, जनरेटर धडधडतोय, पण आत अंधार. चेंजओव्हर गेला बहुतेक." चेंजओव्हर म्हणजे व्हॅनची वीज बाहेरच्या जोडणीवरून जनरेटरवर आणि परत वळवणारा स्विच.

"थांब. आधी तीसपर्यंत आकडे मोज."

सव्विसाव्या आकड्याला खट् झालं आणि पंखा फिरला. बहुतेक ऑटोमॅटिक चेंजओव्हर जनरेटर सुरू झाला की काही सेकंद मुद्दाम थांबतात, म्हणजे इंजिन स्थिर झाल्यावर लोड पडतो. लोक तेवढा वेळ काढत नाहीत आणि स्विच उघडून बसतात. तीस सेकंदांनंतरही काही झालं नाही, तर मग आधी जनरेटरवरचा ब्रेकर पाहा. नंतर मल्टिमीटरने जनरेटरकडून येणारं व्होल्टेज चेंजओव्हरच्या टर्मिनलवर मोजा आणि शेवटी बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर. आत २३० व्होल्ट येतंय आणि बाहेर काही नाही, तेव्हाच स्विचवर संशय घ्यायचा.

भाच्याचा खरा त्रास मात्र दुसऱ्या दिवशी सुरू झाला. ओळखीच्यांच्या अंगणातून व्हॅनला वीज जोडली, आतला पंखा लावला आणि त्यांच्या घरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच, पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. "यांच्या घराचं वायरिंगच खराब आहे," असं म्हणून तो मोकळा झाला. दोष व्हॅनमध्ये होता. ज्याने काम केलं होतं त्याने चेंजओव्हर एका पोलचा बसवला होता: फेज (वीज आणणारी तार) बदलायचा आणि दोन्हींकडचे न्यूट्रल (परतीची तार) एकाच कनेक्टर पट्टीवर कायमचे जोडलेले. जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि बॉडी (धातूचा सांगाडा) जोडलेली होती. म्हणजे घराचा न्यूट्रल व्हॅनमार्फत अर्थिंगशी भिडला. पंख्याचा परतीचा करंट दोन वाटांनी फुटला, थोडा न्यूट्रलमधून, थोडा अर्थिंगमधून. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परतलेला करंट जुळला नाही की आरसीसीबी पडणारच. तो त्याचं काम करत होता.

म्हणून व्हॅनमध्ये चेंजओव्हर दोन पोलचाच हवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र तुटतील असा. न्यूट्रल-अर्थची गाठ नेहमी उगमापाशी असावी. वीज घरातून घेताना ती पुरवठ्याच्या बाजूला असतेच, जनरेटरवर असताना जनरेटरपाशी. व्हॅनच्या आतल्या बोर्डात ती कधीच नको. मी तर बोर्ड उघडला की पहिल्यांदा हीच पट्टी शोधतो.

आता उलटी चूक. बरेच छोटे पोर्टेबल जनरेटर न्यूट्रल तरंगता ठेवूनच येतात, कशालाच जोडलेला नसतो. अशा वेळी बॉडीवर फेज आला तरी करंटला परतीची वाट नाही आणि आरसीसीबी गप्प राहतो. फसगत इथे होते: त्याचं टेस्ट बटण दाबलं की तो पडतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण ते बटण अर्थिंग वापरतच नाही, आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये छोटा रोध टाकतं. म्हणजे बटण पास होतं, संरक्षण शून्य. टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत अंधूक पेटतो, मीटर फेज ते बॉडी शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतं. ते बरेचदा भुताटकीचं व्होल्टेज असतं, मीटरवर दिसतं पण त्यामागे ताकद नसते. होल्डरमध्ये बल्ब लावून पाहिलं तर बल्ब पेटत नाही. आपल्या जुन्या मिस्त्रींचा होल्डर-बल्ब इथे डिजिटल मीटरपेक्षा खरं बोलतो. उपाय म्हणजे जनरेटरपाशीच न्यूट्रल आणि बॉडी एकदा पक्की जोडून घेणे, तेही त्या जनरेटरच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर आणि जाणकाराकडूनच.

परदेशातून मागवलेला चेंजओव्हर बसवताना रंगांकडे डोळे उघडे ठेवून पाहा. अमेरिकी व्हॅनच्या मालात काळी वायर म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल. सवयीने जोडली की उलटं होतं. त्यातून ते सामान १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं; आपल्या २३० वर त्याची कॉइल जळायला वेळ लागत नाही. इथलंच घ्या, बडोद्यात काही कमी मिळत नाही.

चेंजओव्हरमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच, गुणगुणत असेल किंवा टकटक करत असेल, तर व्होल्टेज कमी, कॉइलचा स्क्रू ढिला, नाहीतर चुंबकाच्या तोंडावर धूळ. ढिले स्क्रू हा तर धावत्या गाडीचा कायमचा आजार. घरातल्या वायरिंगला हादरे नसतात, व्हॅनला सतत बसतात. एकतारी कडक वायर तिथे तुटते. मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घ्या, टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबा. डाग दिलेलं टोक स्क्रूखाली आवळू नका, कथील हळूहळू दबतं आणि पकड सैल होते. टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर बदला, नुसतं आवळून भागत नाही. जनरेटर बंद, प्लग काढलेला, इन्व्हर्टरही बंद, मगच हात घाला.

बॅटरी रात्रीतून रिकामी होते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत हमखास एक गोष्ट सापडते: इन्व्हर्टरच्या आउटपुटवरच चार्जर जोडलेला. बॅटरी स्वतःलाच चार्ज करते आणि फरकाची वीज उष्णतेत जाते. चार्जर चेंजओव्हरच्या बाजूने घ्या, इन्व्हर्टरच्या बाजूने नाही.

भाच्याने दोन पोलचा स्विच बसवून घेतला. त्याच अंगणात पुन्हा व्हॅन जोडली, पंखा लावला, आरसीसीबी जागचा हलला नाही. आता तो फक्त जनरेटरचा धूर खिडकीतून आत येतो म्हणून तक्रार करतो. त्याला सांगितलंय, आधी जनरेटर बाहेर, वारा व्हॅनकडून जिकडे वाहतो त्या बाजूला लांब ठेव आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव. त्या वायूला वास नसतो.