आई-बाबांसाठी बिनवर्गणीचा टीव्ही रेकॉर्डर: माझा अनुभव

आई-बाबांसाठी रेकॉर्डर शोधताना माझी पहिली अट होती, दरमहा वर्गणी नको. काही रेकॉर्डर विकत घेतले तरी कार्यक्रमांच्या वेळापत्रकासाठी वेगळे पैसे भरावे लागतात. ते थांबले की मालिका आपोआप रेकॉर्ड होणं बंद. म्हणून प्रक्षेपणाच्या सिग्नलमधूनच वेळापत्रक उचलणारा रेकॉर्डर घेतला. त्यासाठी इंटरनेटही लागत नाही.

ट्यूनर, म्हणजे रेकॉर्डरमधला वाहिनी पकडणारा भाग, दोन हवेतच. एकावर आईची मालिका रेकॉर्ड होते, दुसऱ्यावर बाबा बातम्या बघतात. डिस्कची फार चिंता नको: एचडी प्रक्षेपण सेकंदाला ८ मेगाबिट धरलं तर तासाला ३.६ जीबी, म्हणजे ५०० जीबीत सव्वाशेहून जास्त तास.

खरी अडचण रिमोटची. वयस्कर माणसांच्या हातात दोन रिमोट दिले की गोंधळ ठरलेलाच, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यावर उपाय एचडीएमआय-सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडलेलं उपकरण टीव्हीच्या रिमोटवरून चालवण्याची सोय. टीव्ही कंपन्या या सोयीला आपापली नावं देतात, त्यामुळे सेटिंगमध्ये जरा शोधावं लागतं. टीव्ही आणि रेकॉर्डर दोन्हीकडे ती चालू केली. आता बाण, ‘ओके’ आणि ‘मागे’ एवढी बटणं टीव्हीच्याच रिमोटवरून चालतात, आणि आईला तेवढी पुरतात.

टीव्हीलाच यूएसबी डिस्क जोडणं स्वस्त पडतं, हे खरं. पण बहुतेक टीव्हींवर केलेलं रेकॉर्डिंग त्याच टीव्हीवर चालतं. टीव्ही बदलला की जपून ठेवलेलं सगळं गेलं, म्हणून मी तो मार्ग सोडला.