बोलोन्याचं विद्यापीठ समजून घ्यायचं कसं

सगळ्यात आधी आपल्या ओळखीचा विद्यापीठाचा साचा बाजूला ठेवा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर निघालं: शिकवायचं संलग्न कॉलेजांनी, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. इटलीतल्या बोलोन्याच्या जुन्या कागदपत्रांत 'कोलेज्यो' दिसलं की लोक त्याचं कॉलेज करून टाकतात, आणि पुढचं सगळं चुकत जातं. कोलेज्यो म्हणजे एक तर विद्यार्थ्यांचं वसतिगृह, नाही तर परीक्षा घेणाऱ्या प्राध्यापकांचं मंडळ. कार्डिनल आल्बोर्नोस यांच्या १३६४ च्या मृत्युपत्रातून उभं राहिलेलं स्पॅनिश कोलेज्यो पहिल्या प्रकारचं. ते आजही चालू आहे.

१०८८ हे स्थापनेचं वर्ष पाठ करू नका. त्या सालची सनद नाही. १८८८ मध्ये आठशे वर्षांचा सोहळा करायचा म्हणून कवी जोझुए कार्दुच्ची यांच्या समितीने ते साल नक्की केलं. सुरुवात माणसांपासून करा. इर्नेरिओसारखे शिक्षक रोमन कायदा शिकवत, आणि तो शिकायला दूरदूरची मुलं येत. शहराच्या लेखी ती परकी. एकाने कर्ज बुडवलं तर त्याच्या गाववाल्याकडून वसूल करायची रीत होती. बाराव्या शतकाच्या मध्यावर सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने या वसुलीला बंदी केली. पुढे मुलांनी स्वतःचे संघ बांधले: आल्प्सच्या अलीकडच्यांचा एक, पलीकडच्यांचा दुसरा. मूळ 'उनिव्हेर्सितास' म्हणजे हे संघ. त्यांच्या आत प्रांतवार गट, म्हणजे 'नात्सिओ' असत, आणि निवडून दिलेला रेक्टर, म्हणजे संघाचा प्रमुख, स्वतः विद्यार्थीच असे. शिक्षक उशिरा आला, ठरलेला भाग शिकवायचा राहिला, तर त्याला दंड. मुलांच्या हातातलं खरं हत्यार मात्र शहर सोडून जाणं. १२२२ मध्ये बोलोन्याहून निघालेल्यांमुळेच पादुआचं विद्यापीठ उभं राहिलं.

म्हणून तेराव्या शतकातला कोणताही प्रसंग वाचताना कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात विद्यार्थिसंघ, दुसऱ्यात परीक्षा घेणारं डॉक्टरांचं, म्हणजे प्राध्यापकांचं, मंडळ, तिसऱ्यात आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा चर्चचा अधिकारी. १२१९ च्या पोपच्या आदेशापासून शिकवण्याचा परवाना त्याच्या संमतीनेच मिळे. भांडण कोणत्या दोन रकान्यांत आहे हे दिसलं की निम्मं काम झालं. नंतरच्या काळासाठी चौथा रकाना लागतो, नगर सरकारचा. पगार शहर देऊ लागलं तशी मुलांची पकड सुटत गेली. १५६३ मध्ये सगळे वर्ग आर्किजिन्नाझिओ या एका इमारतीत आले. तिच्या भिंतींवरची हजारो कुलचिन्हं नक्की पाहा. नात्सिओंची व्यवस्था तिथे डोळ्यांनी वाचता येते. १८०३ पासून मुख्य ठाणं पालाझ्झो पोज्जीत आहे.

आजची रचना त्यामानाने सोपी. रेक्टर आता विद्यापीठाचा प्रमुख आणि प्राध्यापक असतो, एकदाच, सहा वर्षांसाठी. शिक्षणाचे विषय सिनेटकडे, पैसा प्रशासन मंडळाकडे. २०१० च्या कायद्यानंतर 'फाकोल्ता', म्हणजे विद्याशाखा, मोडून त्यांचं काम विभागांकडे गेलं, तेव्हा जुन्या माहितीपत्रकात फाकोल्ता दिसली तर ते पत्रक कालबाह्य समजा. तीन वर्षांच्या 'लाउरेआ' या पहिल्या पदवीला १८० क्रेडिट, पुढच्या दोन वर्षांच्या 'माजिस्त्राले' या पदव्युत्तर पदवीला १२०. एक क्रेडिट म्हणजे घरचा अभ्यास धरून २५ तास. हे तास वर्गातले समजून वेळापत्रक आखलं तर हिशोब कोलमडतो. विषयाचे गुण ३० पैकी आणि उत्तीर्ण व्हायला १८. अंतिम पदवीचे ११० पैकी. 'दोत्तोरे' ही उपाधी तीन वर्षांच्या पदवीनंतरच लागते, पीएचडीला 'दोत्तोरातो दी रिचेर्का' म्हणतात.