स्वस्त क्लॅम्प आणि मॅजिक आर्म वापरताना या चुका टाळा

गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका देवळाच्या जत्रेत रात्री रंगलेल्या मराठी नाटकाचे चित्रीकरण करताना मी दुसरा कॅमेरा मंडपाच्या लोखंडी खांबाला क्लॅम्प (खांब पकडणारा शिकंजा) आणि मॅजिक आर्म (सांध्यांवर हवा तसा वळवून मुठीने आवळायचा दांडा) लावून बसवला होता. पहिला अंक नीट पार पडला; दुसऱ्या अंकात पाहतो तर चौकट इतकी खाली सरकली होती की उभ्या नटांची डोकी दिसेनाशी झाली होती. काहीही तुटले नव्हते. ११ इंची आर्म मी पूर्ण लांब करून आडवा ठेवला होता आणि त्याच्या टोकाला सुमारे दीड किलोचा कॅमेरा लटकत होता, एवढेच घडले होते.

बहुतेकांची फसगत नेमकी इथेच होते. मॅनफ्रोटो कंपनीच्या ०३५ या मूळ सुपर क्लॅम्पची क्षमता १५ किलो आहे आणि त्याच्या जबड्यात १३ ते ५५ मिलिमीटर जाडीची वस्तू बसते. परंतु हा आकडा क्लॅम्पचा आहे, त्याला जोडलेल्या आर्मचा नव्हे. आर्मच्या सांध्यावर येणारा पीळ वजनाबरोबरच अंतरानेही वाढतो. तेच वजन २८ सेंटिमीटरऐवजी १८ सेंटिमीटरवर, म्हणजे ७ इंची आर्मवर, टांगले तर पीळ सुमारे एकतृतीयांशाने कमी होतो. म्हणून जड कॅमेऱ्यासाठी आखूड आर्म घ्यावा, मधला सांधा दुमडून कॅमेरा खांबाच्या जवळ आणावा आणि लांब आर्म मॉनिटर, माइक किंवा छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यापुरता ठेवावा.

दुसरी चूक दिशेची आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. क्लॅम्पमधून आडव्या निघालेल्या स्टडचे, म्हणजे आर्म जोडायच्या आटेदार खुंटीचे, टोक आपल्याकडे असेल, तर त्यावर बसवलेला आर्म आपल्या उजव्या हाताला गेला पाहिजे, कारण मग वजनामुळे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ओढला जातो आणि आटे आणखी आवळले जातात. तोच आर्म डावीकडे नेला तर कॅमेऱ्याचे वजनच त्याला थोडा थोडा सैल करीत राहते.

स्क्रू हरवल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून ‘जवळपास तेवढाच’ बोल्ट आणणे महागात पडते. कॅमेऱ्याच्या तळाचा आटा पाव इंची, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत दोन सुती, असून त्यात इंचाला २० आटे असतात. ६ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट त्यात शिरतो खरा, पण तो सैल बसतो आणि आटे खराब करतो. बोल्ट गरजेपेक्षा लांब असेल तर तो कॅमेऱ्याच्या तळाला आतून टेकतो. अशा वेळी जोर लावू नये.

खांब कसला आहे हेही पाहावे. बांबू पोकळ असल्याने गाठीजवळ पकडावा. मधोमध आवळल्यास तो चिरतो. सपाट फळीवर क्लॅम्पसोबत मिळणारी पाचर लावल्याशिवाय पकड बसत नाही.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पोलादी स्क्रू लवकर गंजतात, विशेषतः मिरामार किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर काम केल्यानंतर. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने आर्म पुसून पूर्ण वाळवावा. गंज पाहून गोलाकार सांध्यांवर तेलाचा फवारा मात्र कधीही मारू नये. ते सांधे घर्षणावरच उभे असतात आणि तेल लागले की कितीही आवळले तरी ते घसरतात. किंचित ग्रीस लावायचेच असेल तर ते फक्त सांधे आवळायच्या मुठीच्या आट्यांना लावावे.

प्रेक्षकांच्या डोक्यावर कॅमेरा टांगणार असाल तर पोलादी तारेची आखूड दोरी कॅमेऱ्यातून घेऊन थेट खांबाला बांधावी, क्लॅम्पला नव्हे. आर्म आवळून झाल्यावर कॅमेरा हाताने हलकेच खाली दाबून पाहावा, दहा मिनिटे तसाच सोडावा आणि चौकट जागेवर आहे याची खात्री झाल्यावरच रेकॉर्डिंग सुरू करावे.